दुहेरी ताणाखाली धातूचा पत्रा

मोटारगाडीचे दार, स्वयंपाकघरातील पातेले आणि विमानाच्या पंखाचे आवरण यांत वरकरणी साम्य दिसत नाही. परंतु या तिन्ही वस्तू सपाट पत्र्यातून घडविता येतात. साच्यावर दाबला जाणारा पत्रा अनेक ठिकाणी लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांनी एकाच वेळी ताणला जातो. तो कोठे फाटेल, कोठे सुरकुतेल, हे साचा घडविण्यापूर्वीच कळणे इष्ट. कारण साचा खर्चाचा असतो आणि तो चुकला की सर्व श्रम वाया जातात.

धातूची नेहमीची परीक्षा सोपी आहे. पत्र्याची पट्टी कापून ती यंत्रात एका दिशेने ओढतात. आरंभी ताण काढून घेतल्यास पट्टी पूर्ववत होते. पुढे एका मर्यादेनंतर ती कायमची लांबते. यालाच धातूचे नमणे म्हणावयाचे. प्रश्न असा, की एका ओढीत मिळालेला हा आकडा दुहेरी ओढीतही लागू पडतो काय?

या प्रश्नाला प्रथम गणिताने उत्तर दिले. फ्रान्समधील त्रेस्का यांनी १८६४ साली आणि फोन मिझेस यांनी १९१३ साली नमण्याचे नियम मांडले. केंब्रिज येथील टेलर व क्विनी यांनी तांबे, ॲल्युमिनियम व मृदु पोलाद यांच्या नळ्या एकाच वेळी ओढून व पिळून पाहिल्या. १९३१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष मिझेस यांच्या नियमाला अधिक जवळचे होते.

परंतु हे नियम सर्व दिशांनी सारख्या असलेल्या धातूसाठी होते. रुळांखालून लाटलेला पत्रा तसा नसतो. त्यातील स्फटिककणांना विशिष्ट कल येतो. म्हणून १९४८ साली रॉडनी हिल यांनी दिशाभेद जमेस धरणारा नियम दिला. ओढलेली पट्टी रुंदीत किती व जाडीत किती आकसते, त्यांचे गुणोत्तर त्यात महत्त्वाचे ठरते. हे गुणोत्तर पत्र्याच्या पातळीतील सर्व दिशांत ०·६ असेल, तर दोन्हीकडून सारखा ओढलेला पत्रा एकेरी ओढीपेक्षा सुमारे ११ टक्के कमी ताणाला नमावा, असे गणित सांगते. वुडथॉर्प व पीअर्स यांनी १९७० साली ॲल्युमिनियमवरील प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा मात्र उलट आढळले: गुणोत्तर एकाहून कमी असूनही पत्र्याला नमविण्यास अधिक ताण लागला! पट्टीवरून बांधलेला अंदाज येथे फसला.

तात्पर्य, पत्र्याला प्रत्यक्ष दोन्ही दिशांनीच ताणून पाहिले पाहिजे. एका पद्धतीत वर्तुळाकार पत्रा कडेने घट्ट आवळून खालून तेलाचा दाब देतात. पत्रा घुमटासारखा फुगतो आणि त्याच्या माथ्यावर सर्व दिशांना जवळजवळ समान ताण येतो. तेलाचा दाब, घुमटाची वक्रता व पत्र्याची जाडी मोजली की ताणाचा हिशेब निघतो.

दुसऱ्या पद्धतीत पत्रा अधिकचिन्हाच्या आकाराचा कापून त्याच्या चारही भुजा ओढतात. भुजांनी मध्यभागाला जखडू नये म्हणून त्यांत लांबट चिरा पाडलेल्या असतात. दोन दिशांच्या ओढीचे प्रमाण हवे तसे बदलता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ. जपानमधील कुवाबारा व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली अशा नमुन्यांवरून पोलादी पत्र्याच्या वर्तनाची मोजमापे प्रसिद्ध केली. २०१४ साली या परीक्षेचे आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. मात्र चिरांच्या टोकाशी भुजा लवकर तुटतात; म्हणून फार मोठ्या ताणासाठी घुमटाची परीक्षाच उपयोगी पडते. दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत.

हलक्या वाहनांसाठी ॲल्युमिनियम व बळकट पोलाद यांचे पातळ पत्रे वापरावे लागतात. पत्रा साच्यात कसा वागेल, याचे भाकीत संगणक करतो; पण त्याला पुरविलेला नियम चुकीचा असेल, तर भाकीतही चुकणारच. प्रयोगशाळेत ताणलेला तळहाताएवढा पत्रा ही चूक वेळीच दाखवून देतो.