गोळी नेमकी कुठे पडेल?

नाशिकला लागून असलेल्या देवळालीत लष्कराचं ‘स्कूल ऑफ आर्टिलरी’ आहे. इथल्या फायरिंग रेंजवर ‘तोपची’ हा सराव होतो, तेव्हा तोफेचा कोन बदलला की गोळ्याचा पल्ला कसा बदलतो, ते लांबूनही दिसतं. गोळा कुठे पडणार याचं गणित आधी होतं, तो प्रत्यक्ष कुठे पडला हे निरीक्षक कळवतो आणि पुढचा मारा सुधारला जातो. अकरावीतली प्रक्षेप्य गती मात्र बहुतेक वेळा फळ्यावर सुरू होते आणि फळ्यावरच संपते.

ती टेबलावर आणणं आता अवघड राहिलेलं नाही. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे अनेक शाळांत आर्डुइनो बोर्ड, सर्व्हो मोटर आणि सेन्सर पोचले आहेत. एक नळी, तिच्यात स्प्रिंग, बेअरिंगची पोलादी गोळी. नळीचा कोन सर्व्हो मोटर ठरवते. तोंडाशी एकमेकांपासून १० सेंटिमीटर अंतरावर दोन इन्फ्रारेड सेन्सर बसवायचे. गोळीने पहिला किरण तोडला की घड्याळ सुरू, दुसरा तोडला की बंद. मधला वेळ २५ मिलिसेकंद आला, तर वेग सेकंदाला ४ मीटर.

एवढ्यावर संगणक भाकीत करतो. नळीचं तोंड आणि गोळी पडायची पातळी एकच असेल, तर ४५ अंशांना १ मीटर ६३ सेंटिमीटर. ३० आणि ६० अंशांना सारखंच, १ मीटर ४१ सेंटिमीटर. तिथे पांढरा कागद, वर कार्बन पेपर. गोळी आदळते, काळा ठिपका उमटतो. मग मोजपट्टी.

खरा धडा ठिपका चुकतो तेव्हा सुरू होतो. पडद्यावरचं सिम्युलेशन स्वतःच्या सूत्राबाहेर जात नाही, म्हणून मुलांना प्रश्न पडत नाहीत. इथे सर्व्होची एका अंशाची चूक ३० अंशांवर ठिपका जवळजवळ ३ सेंटिमीटर हलवते. तीच चूक ४५ अंशांवर जेमतेम १ मिलिमीटर! पल्ला सर्वाधिक असतो तिथे आलेख सपाट होतो, हे कलनशास्त्राच्या तासाला सांगून जे समजत नाही, ते इथे मोजपट्टीवर दिसतं.

आता नळी ८० सेंटिमीटर उंच टेबलावर ठेवा आणि गोळी जमिनीवर पडू द्या. पाठ केलेले ४५ अंश इथे हरतात. सर्वाधिक पल्ला सुमारे ३५ अंशांना मिळतो, ४५ पेक्षा ८ सेंटिमीटर जास्त. म्हणून भाकीत करणारा प्रोग्राम मुलांनीच लिहावा. तयार प्रोग्राम हाती दिला, तर या प्रयोगातला अर्धा जीव जातो. गॉगल मात्र सर्वांच्या डोळ्यांवर हवेतच.

गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हा मार्ग अन्वस्त असल्याचं दाखवलं, तेही हवा बाजूला ठेवून. रुंद नळीतून त्याच वेगाने टेबल टेनिसचा चेंडू सोडला, तर हवेचा रोध सुरुवातीलाच त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो. चेंडू अलीकडेच पडतो आणि एका ओळीचं सूत्र थकतं. मग मार्गाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक क्षणाचा वेग नव्याने काढावा लागतो. १९४६ साली जगासमोर आलेला ‘एनिॲक’ हा संगणक अमेरिकी लष्कराने तोफांच्या अशाच गणिताच्या तक्त्यांसाठी बांधून घेतला होता. हाताने सुमारे २० तास खाणारं एका मार्गाचं गणित तो अर्ध्या मिनिटात करी. शाळेतला साधा लॅपटॉप ते पापणी लवायच्या आत करतो.