घरातला दारूगोळा : माळ्यावरची पेटी उतरवा



रानडुकरांचा उपद्रव ज्याच्या उसात झाला आहे त्याला बंदुकीची गरज काय, हे सांगावे लागत नाही. एका रात्रीत पाच-सहा सऱ्या आडव्या होतात. म्हणून आपल्यापैकी काहींच्या घरी पीक संरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. कुणाकडे वडिलार्जित ठासणीची, कुणाकडे बारा बोअरची. बंदूक बहुधा कुलपात असते. पण काडतुसे कुठे आहेत, किती आहेत आणि किती जुनी आहेत, असे विचारले तर घरधन्यालाही चटकन सांगता येत नाही. आजचा लेख त्याविषयी आहे.

गेल्या दसऱ्याच्या आधी घरे झाडायच्या दिवसांत ऊसनोंदीच्या कामाने एका सभासदांच्या घरी जाणे झाले. माळ्यावरून एक लोखंडी पेटी खाली काढली होती आणि पोरे तिच्याभोवती बसली होती. आत काय होते? कागदी पुंगळ्यांची फुगलेली काडतुसे, बुडाला हिरवा गंज चढलेला. तंबाखूच्या दोन डब्यांत काळी दारू. आणि औषधाच्या बाटलीत केपा. वडील हयात असताना रिकाम्या पुंगळ्या घरीच भरून ठेवायचे. त्यांना जाऊन चार वर्षे झाली होती. पेटी होती ती नेमकी चुलीच्या वरच्या माळ्यावर. चिरंजीवांना हे ठाऊक होते, पण “पोलिसात गेलो तर केस अंगावर येईल” या भीतीने ते गप्प राहिले. चार वर्षे त्या चुलीवर रोज भाकरी भाजली गेली!

धोका नेमका कशात?

दारूगोळा म्हटला की सगळे एकदम उडेल, अशी समजूत असते. तसे नाही. काय, कशात भरून ठेवले आहे, यावर सगळे अवलंबून असते.

सुटे काडतूस आगीत सापडले तर ते फुटते. पण भोवती बंदुकीची नळी नसल्याने गोळीला किंवा छऱ्यांना बंदुकीतल्यासारखा जोर येत नाही. पुंगळीचे तुकडे उडतात, डोळ्याला इजा करतात, पण सगळा साठा एकदम भडकत नाही. काडतूस भरलेल्या बंदुकीची गोष्ट मात्र निराळी. आगीत ती तापली की खराखुरा बार होतो. म्हणून बंदूक घरात भरून ठेवू नये.

सुटी दारू हा मोठा धोका. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू एका ठिणगीने पेट घेते. बंद, जाड लोखंडी डब्यात ती पेटली तर वाफ कोंडलेल्या बॉयलरसारखी गत होते आणि डब्याचाच बॉम्ब बनतो. मजबूत पेटीत ठेवली म्हणजे सुरक्षित राहिली, हा समज इथे उलटा पडतो. केपांचेही तसेच. एक फुटली की शेजारच्या सगळ्या फुटतात, म्हणून त्या बाटलीत किंवा डब्यात सुट्या ओतून ठेवणे फार वाईट.

आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी. ती काळ्या दारूइतकी भडक नाही, पण ती नासते. उष्णतेने आतल्या आत तिचे विघटन होते, आंबूस वास येतो, तांबूस धूर दिसतो आणि मोठा साठा असेल तर आपोआप पेटू शकते. बगॅसचा ढीग आतून तापून पेटतो हे आपण जाणतो. त्यातलाच हा प्रकार समजा. फ्रान्समध्ये तुलाँ बंदरात 1907 साली ‘इएना’ आणि 1911 साली ‘लिबेर्ते’ या युद्धनौका अशाच नासलेल्या दारूने उडाल्या. पत्र्याखालचा माळा वैशाखात किती तापतो ते आपल्याला माहीत आहेच.

भरपूर साठवणारे काय करतात?

अमेरिकेत पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याचा छंद मोठा आहे. 2013 आणि 2020 च्या सुमारास तिथे काडतुसांची आणि केपांची टंचाई झाली, तेव्हा लोकांनी हजारोंनी साठे केले. तरीही तिथल्या अग्निसुरक्षा संहितेने घरातल्या साठ्याला माप घातले आहे. बिनधुराची दारू 20 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 9 किलो, तीही कंपनीच्या मूळ डब्यात. त्यापुढे 50 पौंडांपर्यंत ठेवायची तर एक इंच जाड फळ्यांची लाकडी पेटी हवी. केपा जास्तीत जास्त 10,000. लाकूड कशासाठी? ते उष्णता लवकर आत जाऊ देत नाही आणि लोखंडासारखे कोंडूनही धरत नाही.

ही मापे त्यांच्याकडची. आपल्याला ती परवानगी नव्हे. त्यातले धोरण तेवढे घेण्याजोगे आहे : मूळ वेष्टन सोडायचे नाही, दारू आणि केपा एकत्र ठेवायच्या नाहीत आणि प्रत्येक पेटीवर काय भरले, कधी भरले, हे लिहायचे. बिनचिठ्ठीचे काडतूस तिथले जाणकारही वापरत नाहीत.

आपला कायदा

शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे बंदुकीला परवाना लागतो, तसाच काडतुसांनाही. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, याचे आकडे परवान्यावरच असतात. ते काढून वाचा. पुंगळ्या घरी भरायला पीक संरक्षणाचा परवाना पुरत नाही. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्याला 2019 च्या दुरुस्तीपासून किमान 7 वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. रानडुकराच्या शिकारीला वनखात्याची परवानगी लागते ती आणखी वेगळी.

परवानाधारक वारला किंवा मुदत संपली, तर त्याच अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे बंदूक आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. वारसाने रीतसर परवाना मिळवला तर बंदूक परत मिळू शकते. म्हणजे जमा करायला जाणे हा गुन्हा नाही. लपवून ठेवणे अंगाशी येते.

घरी पाळायच्या गोष्टी

1. काडतुसे मूळ खोक्यात, कोरड्या आणि थंड जागी, कुलपात ठेवा. बंदूक वेगळ्या कुलपात. किल्ली देव्हाऱ्यात नको. पोरांना ती पहिल्यांदा तिथेच सापडते.

2. माळा, चूल, गॅस, देवाची समई, मोटारीचा स्टार्टर, डिझेलचे कॅन आणि खताची पोती यांपासून साठा दूर ठेवा. पाचटाच्या गंजीजवळच्या खोपीत तर मुळीच नको.

3. ओलसर झालेली दारू किंवा काडतुसे उन्हात, तव्यावर वा चुलीपाशी वाळवू नका.

4. 20 बोअरचे काडतूस 12 च्या खोक्यात मिसळू देऊ नका. ते नळीत पुढे सरकून अडकते; मागून 12 चे घालून बार काढला की नळी फुटते आणि हात जातो.

5. बार उडाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा, मगच बंदूक उघडा. आवाज फुसका आला तर नळी रिकामी आहे ना हे पाहिल्याशिवाय दुसरे काडतूस घालू नका.

6. घराला आग लागली तर माणसे लांब न्या आणि घरात काडतुसे आहेत हे अग्निशमनवाल्यांना पहिल्यांदा सांगा.

7. जुना माल विहिरीत टाकू नका, पुरू नका, जाळू नका. सुटी दारू आणि केपा स्वतः गाडीवर घालून नेऊ नका. पोलीस ठाण्याला कळवा. जरूर पडल्यास ते तज्ज्ञ पथक बोलावतात. यादीसह अर्ज द्या आणि पोच घ्या.

त्या सभासदांनी शेवटी हेच केले. पोरांना परड्यात पाठवून पेटी होती तिथेच राहू दिली आणि ठाण्याला फोन केला. जाणकार माणसे आली, पंचनामा झाला, पेटी गेली. चार वर्षे ज्या केसची धास्ती घेतली होती, ती झाली नाही. त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, “आता चूल पेटवताना वर बघावं लागणार नाही.”

कारखान्यात गंधक एकीकडे, बगॅस दुसरीकडे आणि अल्कोहोल तिसरीकडे ठेवायची शिस्त आपण पाळतो. तीच घरी पाळली तर बंदूक पिकाच्या कामाला येईल. आज संध्याकाळी माळ्यावर बॅटरी घेऊन एकदा नजर टाका, कंदील नको. काही आढळले तर हात न लावता ठाण्याला कळवा.