विसंवाहकाच्या पोटातली वीजवाट

बेरियम टायटेनेट वीज वाहू देत नाही. म्हणूनच मोबाइलमधल्या इवल्याशा कपॅसिटरांत ते ठासून भरलेले असते. पण 2013 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविज्ञान संस्थेतील गटाने दाखवले, की याच स्फटिकाच्या आत अशा अतिपातळ भिंती तयार करता येतात, ज्यांची वाहकता आजूबाजूच्या पदार्थाच्या 100 कोटी पटींपर्यंत जाते. पदार्थ तोच, आणि त्यात बाहेरून धातूची तार घातलेली नाही!

हा पदार्थ फेरोइलेक्ट्रिक आहे. या गुणधर्माचा शोध जोसेफ व्हालासेक यांनी 1920 मध्ये अमेरिकेत रोशेल सॉल्ट नावाच्या स्फटिकावर काम करताना लावला. बेरियम टायटेनेटमध्ये टायटॅनियमचा आयन स्फटिकाच्या जाळीतल्या आपल्या घराच्या मध्यापासून किंचित सरकलेला असतो. त्यामुळे त्या घराची एक बाजू धन, दुसरी ऋण होते. शेजारची घरेही त्याच दिशेला कललेली असतात. अशा एकदिश प्रदेशाला डोमेन म्हणतात. दोन शेतांची नांगरट वेगळ्या दिशांना असावी आणि मध्ये बांध असावा, तशी दोन डोमेनांमध्ये भिंत असते. तिची जाडी एखाद-दोन नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम काही अणूंएवढी.

समोरासमोरच्या दोन डोमेनांची धन टोके एकमेकांवर आली, तर भिंतीवर धन प्रभार साचतो. तो एकटा टिकूच शकत नाही. स्फटिकातले मोकळे इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात आणि भिंतीच्या पातळीत मुक्तपणे फिरू लागतात. असे घडू शकते हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकातच गणिताने मांडले होते. भिंतीतून वीज वाहते याचा प्रत्यक्ष पुरावा हाती यायला मात्र 2009 उजाडले. बर्कलेमध्ये राममूर्ती रमेश यांच्या गटात यान झायडेल आणि सहकाऱ्यांनी बिस्मथ फेराइट या दुसऱ्या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाच्या पातळ थरावरून अतिसूक्ष्म, वाहक सुई फिरवली. भिंत लागली की प्रवाह वाढे, सुई पुढे सरकली की ओसरे. तेही नेहमीच्या खोलीच्या तापमानाला. मात्र सगळ्याच भिंती वाहत नव्हत्या: शेजारच्या दोन डोमेनांच्या दिशांमधला कोन 109 किंवा 180 अंशांचा असेल तर प्रवाह मिळे, 71 अंशांचा असेल तर नाही.

मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की ही वाट पुसता येते. तांब्याची तार एकदा घातली की घातली. इथे व्होल्टेज देऊन डोमेनची दिशा फिरवली, की भिंत नाहीशी होते किंवा दुसरीकडे उभी राहते. पदार्थाचा आकार लहान केला तर आणखी गंमत. बिस्मथ फेराइटच्या नॅनोबेटांवर डोमेनांच्या दिशा सगळ्या आत केंद्राकडे किंवा सगळ्या बाहेर वळवता येतात, आणि त्यानुसार मधल्या भिंतींची वाहकता बदलते, हे चिनी शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये दाखवले. वाहते की नाही, एवढ्यावरच एक बिट साठवता येतो. वीजपुरवठा तोडला तरी तो पुसला जात नाही. भिंतींवर चालणाऱ्या अशा मेमरीचे नमुने प्रयोगशाळांत बनलेही आहेत.

अडचणी खऱ्या आहेत. भिंतीतून मिळणारा प्रवाह बहुधा क्षीण असतो आणि स्फटिकातल्या ऑक्सिजन अणूंच्या रिकाम्या राहिलेल्या जागा भिंतीत साचून तिचे वागणे बदलतात. एका नमुन्यातली भिंत नीट वाहते, तर तशाच दुसऱ्या नमुन्यातली अडते. चिपमध्ये अशा अब्जावधी भिंती एकसारख्या वागायला हव्यात, आणि सध्याची मेहनत तिथेच चालली आहे.