विश्लेषण : पार्ट बदलला, नंबर तोच राहिला! कॅड आणि पीएलएम एकमेकांना का जोडावे लागतात?

मोटारीच्या इग्निशन स्विचमधला एक छोटा प्लंजर बदलला गेला, पण कागदोपत्री तो स्विच जुनाच राहिला. नोंदीतल्या या एका फटीमुळे जनरल मोटर्सच्या इंजिनीअरना आपल्याच गाड्यांमधला जीवघेणा दोष कित्येक वर्षे उमगला नाही. डिझाइन सॉफ्टवेअर आणि कंपनीची नोंद ठेवणारी यंत्रणा एकमेकांशी जोडण्याचा आग्रह उद्योगात का धरला जातो, हे या प्रकरणातून नीट कळते.

नेमके काय घडले होते?

शेव्हरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या गाड्यांमध्ये किल्ली फिरवायला फार कमी जोर लागत असे. हा टॉर्क १५ ते २५ न्यूटन-सेंटिमीटर असावा, असे स्पेसिफिकेशन होते. प्रत्यक्षात स्विच त्याहून सैल होते. किल्लीला जड जुडगा लटकत असेल, गाडी खड्ड्यातून गेली किंवा चालकाचा गुडघा लागला, तर किल्ली ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकायची. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडायचे, पॉवर स्टिअरिंग जायचे आणि धडक झालीच तर एअरबॅग उघडायच्या नाहीत.

एप्रिल २००६ मध्ये जनरल मोटर्सच्या डिझाइन इंजिनीअरने डेल्फाय या पुरवठादाराच्या एका अर्जावर सही केली. प्लंजर लांब झाला, स्प्रिंग अधिक ताठ झाली आणि स्विच सुधारला. म्हणजे बदल चांगलाच होता! पण पार्ट नंबर बदलला नाही.

पुढचा घोळ इथून सुरू झाला. एअरबॅग न उघडण्याच्या तक्रारी तपासणाऱ्या कंपनीच्याच इंजिनीअरना दिसत होते, की जुन्या मॉडेलच्या गाड्यांमध्ये हा प्रकार होतो आणि २००८ पासूनच्या गाड्यांमध्ये होत नाही. दोन्हींत स्विच कोणता, तर एकाच नंबरचा. मग दोष स्विचमध्ये असेलच कसा? तपास इतरत्र भरकटला.

कोडे सुटले ते २०१३ मध्ये आणि तेही कंपनीबाहेर. जॉर्जिया राज्यात २०१० साली अपघातात मरण पावलेल्या एका तरुणीच्या कुटुंबाने दावा लावला होता. त्यांच्या वकिलांनी नेमलेल्या तज्ज्ञाने अपघातग्रस्त गाडीचा स्विच आणि विक्रेत्याकडून आणलेला नवा स्विच उघडून शेजारी ठेवले. नंबर एकच, पण प्लंजरची लांबी वेगळी. त्याच खटल्यात शपथेवर साक्ष देताना त्या डिझाइन इंजिनीअरने अशा बदलाची आपल्याला कल्पना नसल्याचे सांगितले होते. त्याच्या सहीचा कागद २०१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत समोर आला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावणे सुरू झाले आणि आकडा सुमारे २६ लाखांवर गेला. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली.

कॅड आणि पीएलएम म्हणजे काय?

कॅड म्हणजे ज्यात पार्टचा त्रिमितीय आकार काढतात ते सॉफ्टवेअर : सॉलिडवर्क्स, क्रिओ, कॅटिया, एनएक्स वगैरे. पीएलएम म्हणजे प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट. सीमेन्सचे टीमसेंटर, पीटीसीचे विंडचिल, दासोचे एनोव्हिया ही त्यातली मोठी नावे. पार्टचा नंबर काय, कितवी रिव्हिजन चालू आहे, बदल कोणी मागितला, कोणी मंजूर केला, हा पार्ट आणखी कोणकोणत्या उत्पादनांत बसतो, या सगळ्याची नोंद तिथे असते.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर कॅड म्हणजे जमीन आणि पीएलएम म्हणजे सातबारा. जनरल मोटर्सच्या स्विचमध्ये जमिनीचा व्यवहार झाला, पण फेरफार नोंदवलाच गेला नाही.

जोडणीने काय साधते?

जोडणी केली की पीएलएमचा मेनू कॅडच्या खिडकीतच दिसू लागतो. इंजिनीअर फाइल ‘चेक-आउट’ करतो, तोवर दुसऱ्याला ती बदलता येत नाही. काम संपले की ‘चेक-इन’. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये पार्ट नंबर आणि रिव्हिजन हाताने टाइप करायची गरज उरत नाही, ती पीएलएममधून आपोआप येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकदा पार्ट ‘रिलीज’ झाला की त्याच्या मॉडेलला कुलूप लागते. प्लंजर एका मिलिमीटरने वाढवायचा असला, तरी आधी बदलाची मागणी नोंदवावी लागते, ती मंजूर व्हावी लागते आणि मगच नवी रिव्हिजन उघडते.

पण नवी रिव्हिजन पुरेशी, की नवा नंबरच हवा? उद्योगातली जुनी कसोटी ‘फॉर्म, फिट, फंक्शन’ ही आहे. आकार, बसणे किंवा काम यांपैकी काही असे बदलले, की जुना आणि नवा पार्ट एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरता येत नाहीत, तर नंबर बदलायचा. स्विचचा टॉर्क वाढला म्हणजे काम बदलले. नियमाने नवा नंबर हवा होता. हा निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही. ते फक्त प्रश्न विचारते आणि उत्तर देणाऱ्याचे नाव तारखेसह जपून ठेवते. खोटे उत्तर देणाऱ्याला ते रोखणार नाही. मात्र सहीचा कागद कुठे आहे, हे शोधायला आठ वर्षे लागू नयेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

मग अडते कुठे?

विक्रेत्याच्या सादरीकरणात ही जोडणी दोन बाणांची असते. प्रत्यक्षात पहिला त्रास होतो तो फाइलच्या नावांचा. कॅडमधील असेंब्ली आपले पार्ट सहसा फाइलचे नाव आणि फोल्डर यांवरून लक्षात ठेवते. कोणी फोल्डरमध्ये जाऊन नाव बदलले, की असेंब्ली उघडताना पार्ट सापडत नाहीत. वर्षानुवर्षे ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल लेटेस्ट’ अशा नावांनी साठवलेला डेटा पीएलएममध्ये चढवताना एकच बोल्ट चार नावांनी सापडतो. खरा वेळ या साफसफाईत जातो आणि अंदाजपत्रकात तिला क्वचितच जागा असते.

दुसरा त्रास पार्टच्या यादीचा, म्हणजे बिल ऑफ मटेरियलचा. कॅडमध्ये ग्रीस, चिकटद्रव्य, रंग सहसा काढलेले नसतात, पण खरेदी विभागाला ते हवे असतात. उलट, फक्त संदर्भासाठी मॉडेलमध्ये ठेवलेला ग्राहकाचा पार्ट यादीत आला, तर कोणीतरी तो विकत घेऊन बसतो. म्हणून कॅडची रचना जशीच्या तशी यादी म्हणून उचलता येत नाही.

आणि दोन ठिकाणी दोन वेगळी कॅड असतील तर? एअरबसने ए३८० बांधताना ते अनुभवले. जर्मनीत कॅटियाची चौथी आवृत्ती, फ्रान्समध्ये पाचवी. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गहून आलेल्या भागांतले वायरिंग तुलूझमध्ये जोडताना जमेना, वायर आखूड पडू लागल्या. जून २००६ मध्ये विलंब जाहीर होताच मूळ कंपनी ईएडीएसचा शेअर एका दिवसात सुमारे २६ टक्के कोसळला.

पुण्याच्या कारखान्यांना याचे काय?

सीमेन्स, दासो आणि पीटीसी या तिन्ही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे इंजिनीअर पुण्यात आहेत. इथल्या वाहन कंपन्यांना पीएलएम नवे नाही. प्रश्न भोसरी-चाकणच्या छोट्या पुरवठादारांचा आहे. मंजूर ड्रॉइंग कंपनीच्या पीएलएममधून पीडीएफ म्हणून बाहेर पडते. पुढे ते ई-मेल, व्हॉट्सॲप असा प्रवास करत मशीनशेजारी टाचलेला कागद बनते. मुख्य कंपनीत रिव्हिजन ‘सी’ झाली, तरी त्या कागदावर ‘बी’च असते. लाखोंच्या लायसन्सचा खर्च छोट्या कारखान्याला परवडत नाही आणि त्याला त्याची गरजही नसते. त्यासाठी एक साधा उपाय आहे. पीएलएममधून ड्रॉइंग बाहेर पडतानाच त्यावर क्यूआर कोड छापायचा. ऑपरेटरने जॉब लावण्याआधी मोबाइलवर तो स्कॅन केला, की ही रिव्हिजन चालू आहे की रद्द, एवढे एकच उत्तर स्क्रीनवर येते.