‘लावणे’ या क्रियापदाआडचा तंबाखू

जालना जिल्ह्यातील गरोदर स्त्रीस ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते. विडी ओढतात, तंबाखू खातात. भाजून कुटलेल्या तंबाखूची मिश्री मात्र दातांना ‘लावतात’. क्रियापद पालटताच व्यसनाची गणना दंतमंजनात होते. परंतु निकोटिन हिरड्यांवाटे रक्तात व तेथून गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धूररहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी आढळले. प्रसूतीनंतर निकोटिन आईच्या दुधातही उतरते. म्हणून गरोदरपणी आणि बाळंतपणानंतरही ‘मिश्री लावता का?’ असेच विचारावे. सवय सोडविण्याचे साहाय्य या प्रश्नाच्या खऱ्या उत्तरापासूनच सुरू होते.