साडीवर शोभतो १९४०चा स्वेटर

विणकामाच्या जुन्या नमुन्यांची गंमत सुईच्या नंबरापासूनच सुरू होते. दुकानात १२ नंबरची सुई मागा, ती ८ नंबरपेक्षा बारीक निघेल! आपल्याकडे अजून जुनं ब्रिटिश माप चालतं: ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकेत मात्र नंबर वाढला की सुई जाड होते. तिथली ८ नंबर ५ मिलिमीटरची. तेव्हा परदेशी नमुना हाती आला की आधी तो कोणत्या देशाचा ते पाहावं, मगच टाके घालावेत.

अशा नमुन्यांची परंपरा जुनी. इंग्रजीतली विणकामाची पहिली छापील कृती १६५५ मध्ये लंडनला निघाली. स्वेटरची नव्हे, मोज्यांची.

स्वेटर फॅशनच्या जगात मिरवला तो १९२७ मध्ये. पॅरिसच्या फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्ली यांनी काळ्या स्वेटरवर गळ्याशी पांढरा बो काढला. फीत कुठेच नाही, नुसती दोन रंगांच्या टाक्यांची करामत. तो विणला एका आर्मेनियन निर्वासित बाईनं. त्या स्वेटरनं स्कियापारेल्लींचं नाव झालं. कौतुकाचा अर्धा वाटा त्या विणणारीचा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सेन्सॉरनं परदेशी टपालातून विणकामाचे नमुने पाठवायला बंदी घातली. ‘दोन सुलट, दोन उलट, एक न विणता उतरवा’ अशा ओळींत गुप्त निरोप दडवणं सोपं!

आता खरा मुद्दा. १९३०-४०च्या दशकांतले बायकांचे नमुने आज आखूड वाटतात. अंगाबरोबर बसणारे आणि कमरेशीच संपणारे, कारण तेव्हाचे स्कर्ट उंच कमरेचे असत. साडीला नेमकी हीच उंची लागते! आजचा लांब तयार स्वेटर निऱ्यांवर गोळा होतो. हा आखूड स्वेटर ब्लाउजवर नीट बसतो आणि वरून पदर मोकळा घेता येतो. त्यातही रॅगलन बाही, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या शिवणीची, निवडा, म्हणजे ब्लाउजची बाही आत आवळत नाही. ही बाही ज्यांच्या नावानं ओळखली जाते, त्या लॉर्ड रॅगलन यांनी १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावला होता.

अशा स्वेटरची गरज इथेही आहे. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या पट्ट्यात, पाटोदा-धारूर-अंबाजोगाईकडे थंडीतली पहाट चांगलीच बोचते. लोकर तर दारातच आहे, धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची. पण ती राठ. चिंचोक्याची खळ देऊन तिची घोंगडी उत्तम होते. अंगालगतच्या स्वेटरसाठी वापरली तर ती टोचते. स्वेटरची लोकर येते लुधियानाकडून, आणि तीही बरीचशी ॲक्रिलिक.

दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यातली हजारो जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. फडात बायका साडीवर पुरुषाचा फुल शर्ट चढवतात, कारण उसाच्या पात्यांची धार कातडी कापते. विणलेलं वस्त्र तिथं पात्यात अडकून क्षणात उसवेल. पण कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीपाशी), पहाटे चूल पेटवताना, त्या शर्टाखाली एक आखूड, बिनबाह्यांचा स्वेटर असायलाच हवा. जुन्या नमुन्यांत तसे कितीतरी सापडतात, आणि बाह्या नसल्यानं लोकरही कमी लागते.

लोकरीचं माप जुन्या ब्रिटिश नमुन्यांत औंसात दिलेलं असतं. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम; नमुना आठ औंस म्हणाला तर २२५ ग्रॅम लोकर घ्या. छातीचं माप बहुधा ३२-३४ इंच असतं, म्हणून सुरुवातीला चार इंचांचा चौकोन विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजा आणि आपल्या मापानं गुणा. एवढा हिशोब जमला की ऐंशी वर्षांपूर्वीचा नमुना आजच्या अंगाला बेतता येतो.

लोकर विकत घ्यायचीच असं नाही. जुना हातविणीचा स्वेटर शिवणी सोडून, जिथे विणकाम संपलं त्या टोकाकडून उसवायचा. सुरुवातीच्या टोकाकडून सरळ धागा निघत नाही. मग लडी करून कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली हलकं वजन लटकवून सावलीत वाळवायची. वळ्या बऱ्याच सरळ होतात.