चिकणमाती-बहुवारिक नॅनोसंमिश्र

चिकणमाती-बहुवारिक नॅनोसंमिश्र म्हणजे चिकणमातीचे सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे ज्यात विखुरलेले असतात असे प्लास्टिक. प्लास्टिकमध्ये खनिज भुकटी मिसळण्याची पद्धत जुनी आहे. मात्र शंखजिरे किंवा खडूची भुकटी बरीच घालावी लागते, अनेकदा वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक. नॅनोसंमिश्रात ५ टक्क्यांपर्यंत माती पुरते. तिचे पापुद्रे एकमेकांपासून सुटले तरच हे साधते. न सुटल्यास ती साधी भुकटीच राहते.

मातीची रचना

या कामी बहुधा मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज वापरतात. बेंटोनाइट मातीचा तो मुख्य घटक असून फ्रान्समधील मॉन्टमोरिलाँ या गावावरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या प्रत्येक पापुद्र्यात सिलिकाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनाचा एक थर असतो. ॲल्युमिनिअमच्या काही अणूंची जागा मॅग्नेशिअमने घेतल्यामुळे पापुद्र्यावर ऋण प्रभार येतो आणि सोडियम, कॅल्शिअम यांचे धन आयन पापुद्र्यांमधील फटीत राहून तो संतुलित करतात. या आयनांभोवती पाणी जमते, म्हणून माती भिजल्यावर फुगते. परंतु याच जलस्नेही स्वभावामुळे बहुतेक प्लास्टिकांचे रेणू त्या फटीत शिरत नाहीत.

प्लास्टिकशी आंतरक्रिया

यावर उपाय म्हणून सोडियमच्या जागी लांब कार्बनसाखळीचे अल्किलअमोनिअम आयन बसवतात. आयनाचे प्रभारित टोक पापुद्र्याला धरून राहते, साखळी फट रुंदावते आणि मातीचा पृष्ठभाग प्लास्टिकला अनुकूल होतो. त्यानंतर बहुवारिकाच्या साखळ्या फटीत शिरून पापुद्र्यांची चळत कायम राहते, किंवा पापुद्रे पूर्णपणे विलग होतात. प्रत्यक्ष नमुन्यात या दोन्ही अवस्था बहुधा एकत्र आढळतात. क्ष-किरण विवर्तनातील शिखर नाहीसे होणे हा विलगीकरणाचा पुरेसा पुरावा नव्हे; इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने खात्री करावी लागते.

नायलॉन-६ चे उदाहरण

१९८० च्या दशकात जपानमधील टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेने माती १२-अमिनोडोडेकॅनोइक आम्लाने संस्कारित करून तिच्या सान्निध्यात कॅप्रोलॅक्टमचे बहुवारिकीकरण केले. नायलॉनच्या साखळ्या फटीतच वाढल्या आणि त्यांनी पापुद्रे दूर लोटले. साखळ्यांची टोके पापुद्र्यांना आयनिक बंधाने जोडलेली असल्याने ताण प्लास्टिककडून मातीकडे जाऊ शकतो. सुमारे ४ टक्के मातीने ताणसामर्थ्य ६९ वरून १०७ मेगापास्कलवर, तर भाराखाली वाकण्याचे तापमान सुमारे ६५ वरून १४५ अंश सेल्सिअसवर गेले. मोटारीतील टायमिंग बेल्टच्या आवरणासाठी हा पदार्थ वापरला गेला. वायूंना आडव्या पापुद्र्यांना वळसे घालून जावे लागत असल्यामुळे अशा पटलांतून त्यांची गळतीही कमी होते.

मर्यादा

पॉलिप्रोपिलिनमध्ये ध्रुवीय गट नसल्याने केवळ संस्कारित माती पुरत नाही. मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रोपिलिन दुवा म्हणून मिसळावे लागते. अल्किलअमोनिअम आयनांचे सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटन सुरू होते, तर नायलॉन-६६ वितळण्यासाठीच सुमारे २६० अंश लागतात. शिवाय ताठपणा वाढताना तुटण्यापूर्वी ताणले जाण्याची प्लास्टिकची क्षमता बहुधा घटते.